शब्द त्याचे, वाक्य कुणाचे?

दुसऱ्याचं बोलणं सांगताना ते जसंच्या तसं सांगावं, हा शिष्टाचार आपल्याला अगदी साधा वाटतो. पण त्यासाठी माणसांनी मोठे कष्ट घेतले आहेत.

लहानपणी मदरशात मौलवीसाहेब हदीस सांगायचे. आधी नावांची साखळी यायची. अमक्यानं तमक्याकडून ऐकलं, त्यानं आणखी कुणाकडून. आम्हा मुलांना ती नावं कंटाळवाणी वाटत. पुढे कळलं, या साखळीला इस्नाद म्हणतात आणि मूळ वचनाला मतन. इ. स. ८७० मध्ये वारलेल्या इमाम बुखारींनी आपल्या संग्रहात सात हजारांहून अधिक हदीस घेतल्या, त्या ही साखळी पारखून. सांगणारा खरा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याचं नाव घेतो त्याला तो भेटला होता का, हे सारं तपासलं जाई.

असाच काटेकोरपणा आपल्या मराठीतही आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी इ. स. १२७८च्या सुमारास गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं, त्यांना गाठून विचारलं आणि 'लीळाचरित्र' सिद्ध झालं. पुढे खिलजीच्या स्वारीच्या काळात मूळ पोथी हरवली, असं पंथाची परंपरा सांगते. शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. आठवणी जुळेनात, तेव्हा त्यांनी एकच पाठ खरा ठरवून बाकीचे पुसले नाहीत. हिराइसा असं सांगतात, रामेश्वरबास तसं सांगतात, अशी नावानिशी नोंद ठेवली. अशा पाठभेदाला 'वासना' हा शब्द आहे.

केसोबासांनी स्वामींची वचनं वेगळी काढून 'सूत्रपाठ' रचला. पण वचन सुटं झालं की प्रसंग हरवतो. म्हणून कोणतं सूत्र कधी, कुणाला उद्देशून निघालं, हे सांगणारा 'प्रकरणवश' हा ग्रंथ झाला. आज आपण ज्याला संदर्भ म्हणतो, तो हाच.

तेव्हा अवतरणचिन्हं नव्हती. मेजर थॉमस कँडी यांचं विरामचिन्हांवरचं पुस्तक १८५० सालचं. चिन्हं नंतर आली, इमान आधीपासून होतं.

हे मी का सांगतो? पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मोहल्ल्यात बैठक होती. मुलींच्या हायस्कूलचा विषय होता. एक बुजुर्ग चाचा म्हणाले, "शाळा लांब आहे. मुलींना एकटं पाठवू नका, आधी रिक्षा ठरवू." मला घाई होती, मी तरुण होतो. बाहेर येऊन मी सांगितलं, "चाचा म्हणतात, मुलींना पाठवू नका." गोष्ट गावभर झाली. वर्षभर लोक त्यांना शिक्षणाचा दुश्मन समजत राहिले. रिक्षाचे पहिले पैसे मात्र त्यांनीच भरले होते.

माफी मागायला गेलो, तर ते एवढंच म्हणाले, "बेटा, शब्द माझेच होते. वाक्य तुझं होतं."

आज दुसऱ्याचं बोलणं क्षणात हजार जणांकडे जातं. निदान तीन गोष्टी सोबत पाठवाव्यात: कोण बोललं, कशावरून बोललं आणि आपण कुठे कापलं.

चाचा आता नाहीत. त्यांचं वाक्य आज पूर्ण सांगितलं.