दाढेत नलिका किती?

अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, मुंबईच्या उपनगरांत ‘रूट कॅनाल’ हे शब्द आता घरोघरी माहीत आहेत. दाताची नस काढायची, आतली पोकळी साफ करून भरायची आणि वर टोपी बसवायची, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण दाताच्या मुळांत नलिका किती हे कसे कळते? एखादी राहून गेली, तर तिच्यातले जंतू वाढतात आणि भरलेली दाढ पुन्हा ठणकू लागते. म्हणूनच नलिकांच्या शोधाचा इतिहास पाहू.

१८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले. १८९९ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी नलिकेत तार घालून दाताचे क्ष-किरण चित्र घेतले. पुढे याच किरणांच्या इजांमुळे त्यांना हात गमवावा लागला. शिवाय हे चित्र म्हणजे सावलीच. एकामागे एक असलेल्या दोन नलिका त्यात एकच दिसतात. वर्गात दोन पेन्सिली एकामागे एक धरून त्यांवर टॉर्च मारून पाहा. टॉर्च बाजूला सरकवली की सावल्या वेगळ्या होतात. दंतवैद्यही याच कारणासाठी दुसरे चित्र तिरके घेतात.

झुरिचच्या वॉल्टर हेस यांनी वेगळी युक्ती केली. काढलेल्या दातांच्या पोकळीत रबर दाबून भरायचे, ते कडक करायचे आणि दात विरघळवून टाकायचा. मागे उरतो तो नलिकांचा ठसा. सुमारे २,८०० दातांच्या या अभ्यासाचे इंग्रजी पुस्तक १९२५ साली निघाले. सरळ नळीऐवजी त्यात फाटे, जोड आणि जाळी दिसली. १९८४ मध्ये व्हर्टुची यांनी २,४०० दात पारदर्शक करून, नलिकांत रंग भरून त्यांचे आठ प्रकार मांडले. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला मुळे तीन. पण निम्म्याहून अधिक दाढांत चौथी नलिका सापडते. खालच्या दुसऱ्या दाढेत कधी नलिका एकमेकींना जोडून इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी फट तयार होते. १९७९ साली कुक आणि कॉक्स यांनी तिचे वर्णन केले. भारतीय दातांतही ती आढळली आहे.

मुंबईत १९३३ साली सुरू झालेल्या नायर रुग्णालय दंत महाविद्यालयासारख्या संस्थांत विद्यार्थी रुग्णांआधी काढलेल्या दातांवर हात बसवतात. आता सूक्ष्मदर्शक आणि त्रिमितीय सीबीसीटी चित्रही मदतीला आहेत. तरी प्रत्येक दाढ नव्याने तपासावीच लागते. फळ्यावर दाताची आकृती काढताना ती सर्वसाधारण दाताची आहे, हे आपण विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.