चौऱ्याऐंशी गोळ्या

आमच्या दुकानातल्या फ्रिजच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे : 'बर्फाला थेट लावू नये'. अक्षर माझं. २००२ साली लिहिलेला. सोलापुरात वडिलांनी काढलेल्या या औषधांच्या दुकानात तेव्हा मी नवाच होतो. अक्कलकोटकडच्या एका गावचा पेशंट एसटीने परत निघाला होता आणि त्याला इंटरफेरॉनचं इंजेक्शन न्यायचं होतं. मी थर्मासमध्ये ठासून बर्फ भरला, त्यावर बाटली ठेवली आणि वर आणखी बर्फ घातला. संध्याकाळी गावच्या डॉक्टरांचा फोन आला, इंजेक्शन गोठलंय. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, एकदा गोठलं की फेकायचं. नवीन बाटली आम्ही पदरची दिली. वडील बोलले काही नाहीत, फक्त वहीत माझ्या नावापुढे ती रक्कम मांडली.

ते इंजेक्शन होतं हेपटायटिस सी या काविळीचं. या काविळीला कित्येक वर्षं धड नावही नव्हतं. अमेरिकेत १९७५ मध्ये हार्वे ऑल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की रक्त चढवलेल्या कित्येकांना होणारी कावीळ ना 'ए' आहे, ना 'बी'. म्हणून तिला 'नॉन-ए, नॉन-बी' म्हणायचे. म्हणजे काय नाही तेवढंच नाव. विषाणू हाती लागला १९८९ मध्ये, मायकेल हॉटन यांच्या चमूला. गंमत अशी, की इंटरफेरॉन देऊन बघायला डॉक्टरांनी त्याच्या आधीच, १९८६ पर्यंत सुरुवात केली होती. चोर कोण ते ठाऊक नाही, पण पहारा बसवलेला.

आमच्याकडे येणारे बहुतेक पेशंट डायलिसिसवरचे, थॅलेसेमियाची मुलं, नाहीतर कधीकाळी बाळंतपणात किंवा ऑपरेशनमध्ये रक्त चढवलेले. रक्तपेढीत प्रत्येक बाटलीची 'सी'साठी तपासणी सक्तीची झाली ती या शतकाच्या तोंडावर. त्याआधीच्या रक्ताचा हिशोब कोण देणार?

आधी आठवड्याला तीन इंजेक्शनं असायची, पुढे पेगिलेटेड प्रकार आला तेव्हा आठवड्याला एक. जोडीला रिबाविरिनच्या गोळ्या. असं २४ आठवडे, काहींना ४८. इंजेक्शनच्या रात्री ताप, अंगदुखी, थंडी, म्हणून बरेच जण ते शनिवारी घ्यायचे, रविवारी पडून राहायला मिळावं म्हणून. केस गळायचे, माणूस चिडचिडा व्हायचा, काही अगदी गप्प होऊन जायचे. रिबाविरिनने हिमोग्लोबिन उतरायचं आणि गर्भाला तर ते घातकच, त्यामुळे कोर्स संपल्यावरही सहा महिने मूल होऊ द्यायचं नाही, हे नवरा-बायको दोघांना बसवून सांगावं लागे. त्यात भारनियमन. वीज गेली की फ्रिज उघडायचा नाही, असा दुकानात दंडक होता. खर्च लाखांत. अर्ध्यावर सोडून गेलेले कितीतरी चेहरे मला आठवतात.

त्या दिवसांचं कौतुक करावं असं काही नाही. पण एक होतं : त्या औषधाने पेशंटला डॉक्टरांच्या नजरेआड कधी होऊ दिलं नाही. पेशी मोजल्याशिवाय पुढचा डोस नाही, म्हणजे नाहीच.

मग डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविरला परवानगी मिळाली. रोज एक गोळी, १२ आठवडे, एकूण ८४ गोळ्या आणि किंमत ८४ हजार डॉलर. एका गोळीला हजार! सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीने सात भारतीय कंपन्यांना ती बनवायचे परवाने दिले आणि २०१५ मध्ये देशी डबी आमच्या काउंटरवर आली. २८ गोळ्या, सुमारे वीस हजार रुपये. पुढे भाव उतरतच गेला. २८ जुलै २०१८ ला केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी केंद्रांवर हे औषध मोफत मिळू लागलं.

यंत्रमागावर काम करणारे एक मामा पहिली डबी घ्यायला आले होते. झाकण दाबून फिरवल्याशिवाय उघडत नाही, ते मी दाखवलं. त्यांनी गोळी तळहातावर घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "एवढंच?"

त्या 'एवढंच'ची मला भीती वाटते. मार्च २०१५ मध्येच अमेरिकी औषध प्रशासनाने बजावलं, की हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन घेणाऱ्याला सोफोसबुविरबरोबर नाडी धोकादायक मंदावू शकते. ऑक्टोबर २०१६ मध्ये दुसरा इशारा आला : 'सी' दबली की लपून बसलेली 'बी' उसळू शकते. त्यांनी तशा २४ केसेस मोजल्या, त्यात दोन मृत्यू. तेव्हापासून आधी 'बी'ची तपासणी, मग गोळी. टीबीचं रिफाम्पिसिन, फिटच्या फेनिटॉइन-कार्बामाझेपिनसारख्या गोळ्या चालू असतील तर सोफोसबुविरचा रक्तातला अंश घसरतो. मधुमेहींची साखर विषाणू जाता जाता खाली येते, जुना डोस तसाच ठेवला तर चक्कर येते.

आणि सगळ्यात साधी गोष्ट, ॲसिडिटी. सोफोसबुविरबरोबर एकाच गोळीत येणारं दुसरं औषध म्हणजे वेलपाटासविर, आणि त्याला पोटात आम्ल लागतं. एक बाई जेवणानंतर गोळी घ्यायच्या आणि लगेच वर गुलाबी सिरप. दोन महिने. मी विचारलं, "मावशी, हे डॉक्टरांना सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "ते काय औषध आहे होय?" सिरप आणि गोळीत चार तास हवेत. पँटोप्राझोलसारखी रोजची गोळी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बरोबर घ्यायचीच नाही. आता मी डबी देण्याआधी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगतो, काढा आणि चूर्णसुद्धा. गिऱ्हाईक वैतागतं. वैतागू दे.

गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन गिळू नका. बरं वाटतंय म्हणून तिसरी डबी सोडू नका. आणि शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणू उरला नाही ना, ही तपासणी करायची असते. गोळ्या संपल्या की लोक तीच विसरतात. तुमची राहिली असेल तर या आठवड्यात करून घ्या.