वरच्या रांगेतले चौघे

ब्रिटनमध्ये १९६२ साली ग्रॅनडा टेलिव्हिजनने अमेरिकेच्या ‘कॉलेज बोल’वरून ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ ही विद्यापीठांच्या संघांची प्रश्नमंजुषा सुरू केली. प्रश्न विचारणारे बॅम्बर गॅस्कॉइन. पडद्यावर चौघांचा एक संघ दुसऱ्याच्या डोक्यावर बसल्यासारखा दिसे. स्टुडिओत मात्र दोन्ही शेजारीशेजारी असत, करामत कॅमेऱ्यांची.

१९७५ साली मँचेस्टरच्या संघाने प्रत्येक प्रश्नाला मार्क्स, लेनिन, ट्रॉट्स्की, चे गेव्हारा अशीच उत्तरे देऊन निषेध नोंदवला. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या एकेका कॉलेजला स्वतंत्र संघ का, हा त्यांचा सवाल. सवाल रास्तच होता, पण नियम बदलला नाही!

१९८७ साली कार्यक्रम बंद पडला. १९९४ साली बीबीसीने तो जेरेमी पॅक्समनला घेऊन परत आणला. मधल्या काळात करमणूक झगमगीत झाली होती, तरी इथे ना लाखांची बक्षिसे आली, ना सोपे प्रश्न. बझरच्या प्रश्नाला दहा गुण, मग पाच-पाचचे तीन. बदलला तो सूर: गॅस्कॉइनच्या मवाळपणाच्या जागी पॅक्समनची फटकळ जीभ.

२००३ साली सिद्धार्थ बसूंनी भारतीय आवृत्ती केली. पहिले विजेतेपद मुंबईच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयाने पटकावले.

ब्रिटनमध्ये २०२३ पासून कोलकात्यात जन्मलेले अमोल राजन प्रश्न विचारतात.