यंत्राची धाप

जबलपूरच्या छावणीतील सदर बाजारातून दक्षिणेकडे निघाले, की थोड्याच वेळात ग्वारीघाटावर नर्मदेचे पात्र समोर येते. परिक्रमेस निघालेली महाराष्ट्रातील माणसे या घाटावर टेकतात, स्नान करतात आणि पुन्हा काठाने चालू लागतात. कारण परिक्रमावासीयाने नर्मदा ओलांडावयाची नसते. एके ठिकाणी मात्र त्यास नावेत बसावेच लागते. जेथे नर्मदा सागरास मिळते, तेथे विमलेश्वराच्या बाजूकडून मिठीतलाईपर्यंत भरतीच्या पाण्यावरून यंत्रनौकेने जावे लागते. काही तासांच्या त्या प्रवासात यात्रेकरूचे प्राण एका यंत्राच्या सुरळीत आवाजावर टांगलेले असतात. पुरात सापडलेल्या गावातील माणसे काढावयास निघालेल्या होडीचीही गोष्ट हीच. तिच्या पाठफळीला अडकवलेले यंत्र भर वेगात असताना मध्येच गळाठले, पुन्हा उसळले, पुन्हा गळाठले, म्हणजे होडीतील प्रत्येकजण न बोलता मागे वळून पाहतो.

यंत्राला लागणारी ही धाप फार जुनी आहे. जेम्स वॅट याने १७८८ मध्ये आपल्या वाफेच्या यंत्रास दोन फिरते गोळे जोडले. वेग वाढला, की गोळे बाहेर फाकत आणि वाफेची वाट आवळीत. वेग उतरला, की ते खाली येत आणि वाट मोकळी करीत. पिठाच्या गिरण्यांत जात्यांसाठी अशी योजना आधीपासून होती. वॅटने ती वाफेच्या कामास लावली. परंतु पुढे यंत्रे अधिक नाजूक झाली तशी एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. वेग आवरण्यासाठी बसविलेला हा गव्हर्नरच कित्येकदा वेग बिघडवू लागला! यंत्र धावे, गव्हर्नर लगाम खेची. परंतु खेचण्यास किंचित उशीर होई, आणि मग लगाम गरजेपेक्षा अधिक ओढला जाई. यंत्र मंदावे, लगाम सुटे, तोही उशिरा आणि गरजेपेक्षा अधिक. असे झोके एकदा सुरू झाले, की ते थांबता थांबत नसत.

ग्रिनिचच्या वेधशाळेचा प्रमुख जॉर्ज एअरी यास या दोषाने छळले. ताऱ्याच्या गतीबरोबर दुर्बीण फिरती ठेवणाऱ्या यंत्रात हेच झोके येत. त्याने १८४० मध्ये त्याचे गणित मांडले. पण या प्रश्नास खरे शास्त्रीय रूप दिले ते जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने. विद्युत्‌रोधाचे प्रमाण ठरविण्याच्या प्रयोगात त्यास एक वेटोळे अगदी एकसारख्या वेगाने फिरते ठेवावयाचे होते, आणि तेथेच गव्हर्नरशी त्याची गाठ पडली. १८६८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याने ठेवलेला निबंध अवघा काही पानांचा आहे. धक्का बसलेल्या यंत्राचा वेग चार प्रकारे वागू शकतो, असे त्याने दाखविले: बिघाड वाढत जाईल, विरत जाईल, झोके मोठे होत जातील, किंवा झोके लहान होत शमतील. दुसरा आणि चौथा प्रकार तेवढे कामाचे. आज विमानापासून वीजघरापर्यंत सर्वत्र वापरले जाणारे नियंत्रणाचे शास्त्र या निबंधापासून आपली वंशावळ सांगते.

समुद्रावर या आजारास आणखी एक कारण मिळाले. लाटेवर बोटीची शेपटी उचलली गेली, की मळसूत्री पंखा पाण्याबाहेर येई. ओझे उतरलेले यंत्र बेभान सुटे आणि पंखा पुन्हा बुडताच साऱ्या दांड्यास हिसका बसे. पंखा पाण्यात असतानाही फसू शकतो, हे चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ नौकेने शिकविले. १८९४ मध्ये ती पाण्यात उतरली, तेव्हा तिचा एकुलता पंखा इतका वेगाने फिरे, की त्याच्याभोवतीचे पाणी फाटून पोकळ्या पडत आणि यंत्राची शक्ती त्या पोकळ्यांत वाया जाई. पार्सन्सने काचेच्या खिडकीची टाकी करून, प्रकाशाच्या झपक्यांत ते बुडबुडे डोळ्यांनी पाहिले. नंतर त्याने तीन दांड्यांवर नऊ पंखे बसविले, आणि १८९७ च्या आरमारी समारंभात त्या चिमुकल्या नौकेने भल्याभल्या युद्धनौकांना मागे टाकले.

होडीच्या बाहेर लटकणाऱ्या यंत्राचा इतिहास याच काळातला आहे. १८८१ मध्ये गुस्ताव त्रुवे याने पॅरिसमध्ये सेन नदीवर, सुकाणूसह उचलून नेता येईल असे विजेचे यंत्र चालविले. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याचे पेट्रोलवरील यंत्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आले. परंतु घरोघरी नाव झाले ते नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड याचे. प्रेयसीसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्ही मारता मारता ते वितळून गेले, अशी कथा सांगतात. खरीखोटी कशीही असो, १९०९ मध्ये मिल्वॉकी येथे त्याने दीड अश्वशक्तीचे यंत्र विक्रीस काढले, आणि त्या बेस नावाच्या पत्नीनेच त्याचा व्यवहार सांभाळला.

या यंत्राला वॅटचे गोळे नव्हते. नावाड्याचा हात हाच त्याचा गव्हर्नर. म्हणून भर वेगात ते झोके घेऊ लागले, तर मॅक्सवेलचे गणित तेथे फारसे उपयोगी पडत नाही. दोष बहुधा यंत्राच्या घशात असतो. आरंभीच्या यंत्रात पेट्रोलची टाकी डोक्यावरच असे आणि इंधन उताराने येई. पुढे टाकी होडीच्या तळाशी गेली, मध्ये रबरी नळी, हाताने दाबावयाचा फुगा आणि छोटा पंप आला. घशाची वाट लांबली. मंद गतीत तेवढे पुरते. पूर्ण वेगात मात्र कार्बोरेटर भराभर रिकामा होतो, यंत्र गळाठते, मागणी घटते, तो पुन्हा भरतो आणि यंत्र पुन्हा उसळते. जुन्या द्विघाती यंत्रात ही केवळ गैरसोय नव्हे. त्यात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल अपुरे म्हणजे तेलही अपुरे, आणि दट्ट्या जळून जाण्यास तेवढे पुरे होते.

परीक्षा साधी आहे. यंत्र धापा टाकीत असतानाच तो फुगा दाबीत राहावे. वेग सावरला, तर इंधनाचा पुरवठा कमी आहे हे ठरले. फुगा आत ओढला जाऊन चपटा होत असेल, तर अडथळा त्याच्या मागे, टाकीच्या बाजूस: बहुतेक वेळा टाकीच्या झाकणावरील हवेचे भोक बंद राहिलेले असते. (अनेक महागड्या दुरुस्त्यांचे मूळ या भोकात सापडते.) फुगा घट्ट होतच नसेल, तर जोडातून हवा शिरते आहे. फुगा नीट असून दाबल्याने सुधारणा होत असेल, तर पंपाचा पातळ पडदा पाहावा. २०२५ मध्ये भारतात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला गेला. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबरास मानवत नाही, म्हणून नळीच्या आतले अस्तरही तपासावे लागते.

फुगा दाबून काहीच फरक पडला नाही, आणि आवाज चढूनही होडी पुढे सरकत नसली, तर पंख्याकडे वळावे. वळणावर किंवा लाटेत यंत्र सुटत असेल, तर ते फार उंच बसविलेले असून पंख्यात हवा शिरते. नव्या यंत्रांत अशा वेळी वेगमर्यादेची योजना ठिणगी तोडते, आणि तिचेच झटके बसतात. सरळ, शांत पाण्यातही तसेच होत असेल, तर पंख्याच्या मध्यातील रबराचा गाभा घसरत असण्याचा संभव मोठा. होडी काठास घ्यावी, गाभ्याच्या आतल्या नळीवरून पंख्यापर्यंत एक सरळ रेघ ओढावी आणि यंत्र पुन्हा पूर्ण वेगात चालवून आणावे. परतल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर पंखा बदलावयाचा.