कक्ष क्रमांक ३०

किबालेच्या जंगलात शिरल्यावर बरोबरचे सगळे माना वर करून माकडं शोधत होते, आणि मी पायवाट बघत होतो. जनावराची वाट चढ टाळते, वळसे घेते. ही वाट दोरी लावल्यासारखी सरळ होती आणि थोड्या अंतरावर तशीच दुसरी तिला काटकोनात छेदत होती. आम्ही उभे होतो त्या तुकड्याला नाव नाही, नंबर आहे : के-३०, म्हणजे कक्ष क्रमांक ३०. त्याच भागात के-१४ आहे, के-१५ आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे वनक्षेत्रपाल म्हणून नोकरी केलेल्या माणसाला यापुढे कुणी काही समजावून सांगायची गरज नसते. जिथे कक्ष आहेत तिथे कार्य आयोजना, म्हणजे तोडीचं वेळापत्रक, असते, आणि जिथे कार्य आयोजना असते तिथे कुऱ्हाड लागून गेलेली असते.

माहितीपत्रकात मात्र ‘अस्पर्श वर्षावन’ असंच छापलेलं असतं. किबाले राष्ट्रीय उद्यान युगांडाच्या पश्चिमेला, फोर्ट पोर्टल शहराजवळ आहे. क्षेत्रफळ ७९५ चौरस किलोमीटर. माकडं, वानरं, चिंपांझी आणि रात्री हिंडणारे त्यांचे छोटे नातलग धरून १३ जातींचे प्राणी इथे आहेत, पक्ष्यांच्या साडेतीनशेच्या वर जाती आहेत. हे सगळं खरं आहे. अस्पर्श मात्र नाही, आणि मला विचाराल तर तेच या जंगलाचं वैशिष्ट्य आहे.

इंग्रजांनी १९३२ साली हे जंगल सरकारजमा केलं आणि १९४८ साली त्याला मध्यवर्ती राखीव वनाचा दर्जा दिला. हेतू कागदावर स्पष्ट होता : कठीण लाकडाचं अखंड उत्पादन. तोडीचं चक्र ठरलं ७० वर्षांचं. एकदा तोड झाली की पुन्हा ७० वर्षं हात लावायचा नाही, पण त्या एका तोडीत जंगलाचं छत निम्म्याने उघडायचं. के-१५ मध्ये १९६८-६९ साली हेक्टरी सुमारे २१ घनमीटर लाकूड निघालं, के-१४ मध्ये त्यानंतर सुमारे १४. के-३० तेवढा वाचला. तिथे हाताने करवत चालवणाऱ्यांनी इथे-तिथे एखादं मोठं झाड नेलं, बस्स.

तोड एवढ्यावर थांबली नाही. ज्या झाडांचं लाकूड बाजारात खपत नाही ती वनखात्याच्या लेखी निरुपयोगी. मौल्यवान रोपांना जागा व्हावी म्हणून त्यांना उभ्या-उभ्या विष दिलं गेलं. त्या विषात २,४-डी आणि २,४,५-टी ही रसायनं होती. याच दोहोंचं मिश्रण अमेरिका त्याच वर्षांत व्हिएतनामवर फवारत होती. आमच्या खात्यातही अशा झाडांना ‘निकृष्ट प्रजाती’ म्हणत, तेव्हा मी इथे शहाजोगपणा करणार नाही. पण आखणाऱ्याला वाटलं होतं तसं झालं नाही. के-१५ मध्ये उघड्या झालेल्या जागेत काटेरी झुडपांची दाटी माजली, तिथला पाला खायला हत्ती येऊ लागले आणि उगवणारी रोपं त्यांच्या पायाखाली गेली. मोठं झाड तिथे पुन्हा नीट उभं राहिलंच नाही. हिशेबाप्रमाणे तिथली पुढची तोड २०३९ साली यायला हवी. ठेकेदार काय नेणार होता, कोण जाणे.

१९७० साली टॉमस स्ट्रूसेकर हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ इथे तांबड्या कोलोबसचा अभ्यास करायला आला. कोलोबस म्हणजे आपल्या वानरांच्या पानखाऊ कुळातले प्राणी. त्यांच्या हाताला अंगठा जवळजवळ नसतो. जोरात तोडलेला, कमी तोडलेला आणि जवळजवळ न तोडलेला असे तीन कक्ष त्याला एकाच जंगलात तयार मिळाले. खात्याने अजाणता एक मोठा प्रयोगच मांडून ठेवला होता. स्ट्रूसेकर मोजत राहिला, हुकूमशहा ईदी अमीनच्या राजवटीतही मोजत राहिला. तोडलेल्या भागात तांबडा कोलोबस कमी झालेला आढळला. काळा-पांढरा कोलोबस उलट तिथेच जास्त, कारण त्याला मोकळी, पडझड झालेली झाडी मानवते. म्हणजे ‘माकडांचं नुकसान झालं’ असं सरसकट म्हणून भागत नाही. कोणत्या माकडाचं, ते विचारावं लागतं. पुढे १९९७ साली स्ट्रूसेकरने या सगळ्याचा ग्रंथच लिहिला. त्यात त्याने वनखात्याची भीडभाड ठेवलेली नाही.

त्याच्या ग्रंथाइतकंच मला गुंतवलं ते तिथल्या पाइनच्या लागवडीने. जंगलात मध्येमध्ये गवताळ टेकड्या आहेत. त्यातल्या निदान काही जुन्या मानवी वस्तीची खूण असाव्यात, असं अभ्यासक म्हणतात. या मोकळ्या जागी खात्याने परदेशी पाइन आणि सायप्रस लावले. पाइनखाली काही उगवत नाही, असं आम्ही नोकरीत शिकलो. इथे पाइनच्या सावलीने माणूसभर उंचीचं गवत मेलं, पक्षी आणि माकडांनी शेजारच्या जंगलातून बिया आणून टाकल्या, आणि लागवडीखाली देशी झाडांचं रान उठलं. पाइन काढून नेल्यावर ते रान राहिलं. चुकीच्या हेतूने केलेलं बरोबर काम, असा शेरा मी वहीत मारला.

राजकारणाचं थोडक्यात सांगतो. फोर्ट पोर्टलला पूर्वी बाजारात भारतीयांची दुकानं होती, युगांडाभर सरकारी कचेऱ्यांत गोव्याचे कारकून होते. १९७२ साली अमीनने देश सोडायला ९० दिवसांची मुदत दिली आणि ही माणसं गेली. पुढे लागवड वाढवा असा सरकारचाच धोशा सुरू झाला. दाट वस्तीच्या किगेझी भागातली बकिगा कुटुंबं आधीपासून इकडे सरकत होतीच. त्यांनी किबालेच्या दक्षिणेला हत्तींच्या ये-जा करण्याच्या पट्ट्यात, म्हणजे कॉरिडॉरमध्ये, घरं बांधली, मका आणि केळी लावली. १९९२ साली सरकारने त्यांना हुसकावलं. आकडा सुमारे ३० हजार माणसांचा सांगतात. काहींना उत्तरेकडे किबाळे नावाच्या दुसऱ्याच जिल्ह्यात जमिनी दिल्या. नावाच्या या सारखेपणाने नकाशा वाचणाऱ्याची फजिती होते. पुढच्याच वर्षी, १९९३ साली, जंगल आणि कॉरिडॉर मिळून राष्ट्रीय उद्यान झालं, आणि १९९४ पासून डच पैशातून रिकाम्या केलेल्या जमिनीवर झाडं लागू लागली. मेळघाटातली गावं हलताना मी जवळून पाहिली आहेत. तिथे निदान बोलणी झाली, कागद झाले, पुनर्वसनाची भांडणं झाली. इथे तेवढंही झालेलं दिसत नाही. आमचा वाटाड्या बकिगाच होता. तो आम्हाला पानापानाची नावं सांगत होता. कॉरिडॉरबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, “आमच्या म्हाताऱ्याची केळी होती तिकडे,” आणि पुढे चालू लागला.

चिंपांझींना माणसाची सवय एका दिवसात लागली नाही. १९७६ साली एनगोगो भागात मायकेल गिलियेरीने सुरुवात केली, १९८३ च्या सुमाराला गिल्बर्ट इसाबिर्ये-बसुता या युगांडाच्याच संशोधकाने कन्यावराला, १९८७ पासून तिथेच रिचर्ड रँगमने. पर्यटकांसाठीचा कळप वेगळा, कन्यांचूचा, नव्वदीच्या दशकात माणसाळवलेला. तासाभराची भेट, तोंडाला मास्क, ठरलेलं अंतर. आम्ही पोचलो तेव्हा ते उंबराच्या जातीच्या एका प्रचंड झाडावर होते. फळ खायचं, ओठात दाबून रस काढायचा आणि चोथा खाली टाकायचा. झाडाखाली चोथ्याचा सडा पडला होता. एक मोठा नर उतरून आमच्यासमोर बसला. उजव्या हाताला मधली दोन बोटं नव्हती. उरलेल्या बोटांनी तो खालून फळ उचलत होता, जरा तिरका हात करून. वाटाड्या म्हणाला, तारेचा फास. फास लावतात रानडुकरासाठी आणि छोट्या हरणांसाठी, सापडतो चिंपांझी. असे फास काढत फिरणारं पथक इथे १९९७ पासून आहे.

पक्षी बघणाऱ्यांचा जीव मात्र पिट्टात अडकलेला असतो. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग तुम्ही पाहिला असेल. त्याचा हा हिरव्या छातीचा भाऊबंद. उजाडायच्या आत जाऊन बसायचं. तो आडव्या फांदीवरून वीतभर उडी मारतो, पंखांचा बुर्र आवाज करतो आणि परत तिथेच बसतो. हे बघायला लोक अर्धी पृथ्वी ओलांडून येतात. मीही त्यांच्यातलाच, नाही म्हणत नाही.

जाणार असाल तर दोन गोष्टी. चिंपांझी बघून लगेच गाडीत बसू नका. बाहेर बिगोडी गावात पाणथळीची फेरी करा. १९९२ साली गावकऱ्यांनी स्थापन केलेली संस्था ती चालवते आणि पैसा गावात राहतो. उद्यानाच्या प्रवेशशुल्कातला २० टक्के हिस्सा शेजारच्या गावांना मिळतो खरा, पण हत्तीने एका रात्रीत खाल्लेल्या मक्याची भरपाई त्यातून होत नाही. दुसरी गोष्ट सर्दीची. २०१३ साली कन्यावराच्या कळपात माणसाच्या साध्या सर्दीच्या जातीचा विषाणू शिरला आणि ५६ पैकी पाच चिंपांझी मेले. २०१६-१७ मध्ये एनगोगोला अशाच श्वसनाच्या साथीत २५ गेले. परवान्याचे डॉलर भरलेले असतात, विमानाचं तिकीट काढलेलं असतं, सगळं मान्य. पण नाक गळत असेल तर त्या दिवशी जंगलात जाऊ नका.