दुधाची वाट

भाचीच्या तीन महिन्यांच्या बाळाचं हृदयाचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. मग बाळ दूध प्यायला लागलं आणि छातीतल्या नळीतून पांढरं, दुधासारखं पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी आईचं दूध थांबवायला सांगितलं. "मावशी, माझ्याच दुधाने झालं का गं हे?" मला तेव्हा काही नीट सांगता आलं नाही. नंतर वाचत गेले, ती थेट १६२२ सालच्या इटलीत पोचले!

गास्पारे आसेल्ली या शल्यविशारदाने नुकत्याच खाल्लेल्या कुत्र्याचं पोट उघडलं (जिवंतपणीच, बिचारा...). आतड्यांभोवती पांढऱ्या धाग्यांचं जाळं दिसलं. आधी त्याला ते मज्जातंतू वाटले. एक कापला, तर दुधासारखा द्रव बाहेर आला. दुसरा कुत्रा उपाशी होता, त्याच्यात धागे दिसेचनात! वाहिन्या होत्याच, पण रिकाम्या.

१६५१ मध्ये झां पेके या फ्रेंच माणसाने पुढची वाट दाखवली. हा द्रव एका नळीने छातीतून वर चढतो आणि मानेच्या बुडाशी रक्तात मिसळतो. जेवणातली बहुतेक चरबी याच वाटेने जाते.

ही नळी अगदी नाजूक. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये तिला किंवा तिच्या फाट्यांना इजा होऊ शकते. किंवा मोठ्या शिरांतला दाब वाढतो, द्रवाला रक्तात शिरता येत नाही आणि तो छातीत साठतो. याला म्हणतात कायलोथोरॅक्स. फ्रान्समध्ये फ्रान्सिस फाँटां यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या ऑपरेशनने एकाच कप्प्यावर चालणाऱ्या हृदयाची असंख्य मुलं जगली, पण त्यात शिरांतला दाब कायम चढा राहतो. म्हणून काहींना वर्षांनंतरही लसिकेचा त्रास होतो.

उपाय? १९४८ साली लॅम्पसन यांनी ती नळीच बांधून टाकली. १९९८ मध्ये फिलाडेल्फियाच्या कॉन्स्टंटिन कोप यांनी पोटातून सुई घालून, छाती न उघडता नळीपर्यंत पोचण्याची रीत दाखवली. पुढे तिथेच एमआरआयवर लसिकेची वाट बघून नेमकी गळती बुजवायला लागले. पण सुरुवात अजूनही साधीच असते. मध्यम साखळीची चरबी असलेलं दूध द्यायचं. ही चरबी बहुतांशी थेट यकृताकडे जाते, त्या नळीला विश्रांती मिळते. काही ठिकाणी आईच्याच दुधातली चरबी काढून तेच पाजतात.

आमच्या बाळाची गळती तीन आठवड्यांनी थांबली. आता ती घरभर रांगते.

भाचीला आता उत्तर देते. बाळा, दुधाने काहीच झालं नाही. आसेल्लीच्या कुत्र्यासारखंच, पोटात दूध गेलं म्हणून वाट दिसली, इतकंच. फुटली होती ती वाट. दूध चांगलंच होतं.