रिद्धपूरची टिपणं

पावसाळ्यात चिखलदऱ्याला जाताना पिशवीत एक पुस्तक आणि एक वही टाकणारे लोक आहेत. धुक्यात देवी पॉइंट दिसेनासा झाला की ते खोलीवर बसून वाचतात, वाक्यं उतरवतात. वहीत वाक्यं उतरवण्याच्या या सवयीचं मराठीतलं मूळ शोधायचं तर फार लांब जायला नको. घाट उतरायचा, परतवाडा-अचलपूर मागं टाकायचं आणि मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर गाठायचं.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथंच म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी, म्हणजे लीळा, जमवून ‘लीळाचरित्र’ लिहिलं. पण ते ऐकीव गोष्टींचं संकलन. वाचताना टिपण काढण्याची कथा खरी सुरू होते ती केसोबासांपासून. हे पंथातले संस्कृतचे पंडित. त्यांनी लीळांचा तो अफाट पसारा पुढ्यात घेतला आणि स्वामींची वचनं तेवढी वेचून काढली. नुसती वेचली नाहीत, तर विषयवार लावली. ‘सूत्रपाठा’तली आचार, विचार, महावाक्य ही प्रकरणं म्हणजे आजच्या भाषेत वहीतले कप्पेच. आयुष्याच्या क्रमानं सांगितलेलं पुस्तक विषयाच्या क्रमानं पुन्हा मांडणं हे मोठं बौद्धिक धाडस होतं, असं मला वाटतं.

‘दृष्टांतपाठ’ तर त्याहून बघण्यासारखा. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि मांडणी तीन पदरी: आधी सूत्र म्हणजे स्वामींचं वचन, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. पहिले दोन चक्रधरांचे, तिसरं केसोबासांचं. आंधळ्यांनी हत्ती चाचपून पाहिला, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट त्यात आहे. सूत्र आणि गोष्ट देऊन झाली की तिचा अर्थ दार्ष्टांतिकात येतो. उतारा कुठं संपतो आणि टिपण काढणाऱ्याचं म्हणणं कुठं सुरू होतं, हे वाचकाला लगेच कळतं. हल्ली आपण वहीत काय करतो? लेखकाचं वाक्य आणि आपलं मत एकाच शाईत कालवतो, आणि वर्षभरानं दोन्ही आपलीच वाटू लागतात.

या पद्धतीत एक खोट होती, ती पुढच्या पिढीला जाणवली. प्रसंगातून तोडलेलं वचन अधांतरी राहतं. ते कुणाला म्हटलं, कशावरून म्हटलं, चिडून की समजुतीनं? मग ‘प्रकरणवश’ हा ग्रंथप्रकार आला. प्रत्येक सूत्र कोणत्या प्रसंगी निघालं ते सांगणारा. म्हणजे टिपणाला पुन्हा पत्ता जोडायचा. त्यावर लक्षणांच्या टीपा, बंद आणि भाष्यं अशा टीकाग्रंथांची वेल वाढतच गेली.

चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली. ज्याला जे पाठ होतं त्यावरून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. त्यात पंथातल्या हिराइसेची स्मरणशक्ती मोठी मानली जाते. पण सगळ्यांचं स्मरण जुळेना. तेव्हा पोथीकारांनी कुणालाच खोडलं नाही. मुख्य मजकुरालगत ‘वासना’ म्हणून दुसऱ्याची आठवण नोंदवली, कुठं ‘शोध’ लिहून दुरुस्ती दिली. चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासण्याची सोय पोथी लिहिणाऱ्यांकडं होतीच, तरी मतभेदावर त्यांनी ती वापरली नाही.

केसोबासांना संस्कृतात लिहायची इच्छा होती. तेव्हाचे पंथप्रमुख नागदेवाचार्य यांनी ती मोडली. कारण दिलं ते असं, की मग पंथातल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या या ज्ञानाला मुकतील. म्हणून ही सारी टिपणं मराठीत आली. पुढं मात्र महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहायला घेतल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांसारख्या संशोधकांनी त्यांची किल्ली उलगडेपर्यंत, म्हाताऱ्यांसाठी मराठीत उतरवलेली ही टिपणं पंथाबाहेरच्या मराठी माणसाला काही शतकं वाचताच येत नव्हती.